ज्वालामुखींच्या गावात पायी पायी

तुमच्या गावात टेकडी आहे का? असली, तर तिच्यावर बहुतेक एखादं देऊळ असेल, नाहीतर पाण्याची टाकी. संध्याकाळी आजोबा मंडळी तिथं फिरायला जात असतील आणि तुम्ही पतंग उडवायला. आता अशी कल्पना करा, की तुमच्या गावात अशा टेकड्या आहेत, गोल खड्डे आहेत, तळी आहेत, सगळं मिळून पन्नासच्या वर, आणि त्यातला प्रत्येक जण एकेकाळी ज्वालामुखी होता! त्यांच्यामधूनच रस्ते जातात, शाळा भरतात, बसगाड्या धावतात.

थापा मारत नाही बरं का. न्यूझीलंडमधलं ऑकलंड शहर असंच आहे. पंधरा लाखांहून जास्त माणसं तिथं ज्वालामुखींच्या अंगाखांद्यावर राहतात. माझी धाकटी बहीण त्यांच्यातलीच एक. मागे सप्टेंबरात मी तिच्याकडे गेले, तेव्हा तिची मुलगी म्हणाली, "मावशी, गाडीतून काय बघायचं? आपण चालत जाऊ. या समुद्रापासून त्या समुद्रापर्यंत!"

मला वाटलं, पोरगी चेष्टा करते आहे. पण नकाशा काढून बघा. ऑकलंड ही जमिनीची एक चिंचोळी पट्टी आहे. उत्तरेला वाइतेमाता नावाचं बंदर, ते पॅसिफिक महासागराचं. दक्षिणेला मानुकाउ बंदर, ते टास्मन समुद्राचं. एके ठिकाणी तर ही पट्टी जेमतेम सव्वा किलोमीटर रुंद आहे. पूर्वी माओरी लोक आपल्या होड्या तिथं जमिनीवरून ओढत या पाण्यातून त्या पाण्यात न्यायचे. शहराच्या मधून मात्र दोन्ही किनारे जोडणारी पायवाट आखलेली आहे, ती सोळा किलोमीटरची. चार-पाच तास चालायचं, आणि जमेल तितकं बागांमधून आणि टेकड्यांवरून.

तिखटमिठाच्या पुऱ्या, लोणचं आणि पाण्याच्या दोन बाटल्या घेऊन आम्ही निघालो. मी नवे बूट घातले होते. ही चूक तुम्ही करू नका.

बंदरावरून चढून गेलं की पहिली लागते अल्बर्ट बाग. मधोमध कारंजं, भोवती जुनी प्रचंड झाडं, खाली बसून डबे खाणारे कॉलेजातले विद्यार्थी. इथं एक गंमत आहे, आणि ती दिसत नाही. तुम्ही हिरवळीवर उभे असता, तेव्हा तुमच्या पायाखाली बोगद्यांचं जाळं असतं. दुसऱ्या महायुद्धात जपानी विमानं येतील अशी भीती होती, म्हणून लोकांना लपायला ते खणले. विमानं आली नाहीत. युद्ध संपल्यावर बोगदे बुजवून टाकले. बागेला लागून विद्यापीठ आहे आणि त्याच्या आवारात जुन्या लष्करी छावणीच्या भिंतीचा एक तुकडा उभा आहे. त्या भिंतीपाशी मी थबकलेच. काळा फत्तर! अगदी आपल्या वाड्यांच्या जोत्याला असतो तसा.

"हा तर आमच्याकडचा दगड," मी म्हणाले.

"आमच्याकडचा," भाची म्हणाली.

दोघींचंही बरोबर होतं. दोन्ही दगड बेसॉल्टच, म्हणजे थंड झालेला लाव्हा. पण आपल्याकडचा लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडून बाहेर आला आणि पिठल्यासारखा पसरला. एका थरावर दुसरा, त्यावर तिसरा. सह्याद्रीचे कडे लांबून पाहिले की पायऱ्या पायऱ्या दिसतात ना, ते हे थर. आपल्या टेकड्या म्हणजे पावसापाण्यानं झिजून उरलेले थरांचे तुकडे. त्यांना मुख नाही. ऑकलंडच्या टेकड्या मात्र खऱ्याखुऱ्या ज्वालामुखीच्या, आणि वयानं अगदी बाळं. सगळ्यात म्हातारी सुमारे दोन लाख वर्षांची!

पुढे एक दरी ओलांडली की शहराची सगळ्यात जुनी मोठी बाग लागते. इंग्रजी नाव डोमेन, माओरी नाव पुकेकावा. क्रिकेटची मैदानं, बदकांची तळी आणि उंचवट्यावर खांबांचं भव्य संग्रहालय. मी म्हटलं, "ज्वालामुखी कुठे आहे?" भाची म्हणाली, "तू त्याच्या आत उभी आहेस!"

खरंच की. ते मैदान म्हणजेच ज्वालामुखीचं रुंद, उथळ मुख आणि संग्रहालय त्याच्या काठावर. तापलेल्या तव्यावर पाणी शिंपडलं की कसं चर्र होतं? तसंच इथं झालं. वर येणाऱ्या तप्त रसाला ओली जमीन लागली, पाण्याची एकदम वाफ झाली आणि स्फोटांमागून स्फोट झाले. त्यामुळे उंच टेकडी झालीच नाही, परात झाली.

संग्रहालयात एक युद्धनौका आहे, ती चुकवू नका. तोतारा झाडाच्या लाकडाची, पंचवीस मीटर लांब, शंभर माणसं नेणारी. तिच्याजवळ उभं राहिलं की आपण मुंगीएवढे वाटतो. पण मला त्याहून आवडली ती नेच्यांची बाग. काचेच्या उष्णगृहांमागे एक खोल खड्डा आहे, त्यात उतरायचं. वर झाडासारखे उंच नेचे, खाली इवलेसे, सगळीकडे ओलसर हिरवा अंधार. हा खड्डा निसर्गानं केलेला नाही. ती जुनी दगडखाण आहे. ज्वालामुखीचा दगड खणून नेला आणि उरलेल्या भोकात नेचे लावले. तेव्हा मी त्याचं कौतुक केलं आणि पुढे गेले. खाणीचा विषय पुढे इतका निघणार आहे, हे मला माहीत नव्हतं.

मग घरांच्या गल्ल्यांमधून बरंच चालणं. मला दिशाही कळेनात. ऊन डोक्यावर आलं होतं. मी शहाणपणानं सूर्याकडे बोट दाखवून म्हटलं, "म्हणजे तिकडे दक्षिण." भाची पोट धरून हसली. अहो, दक्षिण गोलार्धात दुपारचा सूर्य उत्तरेला असतो! आपली सावली दक्षिणेला पडते. पुस्तकात मी हे वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं, पण माझीच सावली उलट्या बाजूला पडलेली पाहिली तेव्हा कुठे ते पटलं. त्यानंतर दिवसभर ती सावली आमच्या पुढे पुढे चालत होती. आम्ही दक्षिणेलाच निघालो होतो ना.

आता चढ. माउंट ईडन. उंची १९६ मीटर. माओरी नाव लिहितात एक आणि म्हणतात एक. मी रोमन अक्षरं वाचून 'माउंगाव्हाउ' म्हटलं तर भाचीनं दुरुस्त केलं, 'माउंगाफाउ'. 'माउंगा' म्हणजे डोंगर. त्यातला 'ङ' आपल्या 'गंगा'तला. तिच्या शाळेत हे नीट शिकवतात. माझ्यापेक्षा तिचे उच्चार सरस आहेत आणि ती हे मला दर अर्ध्या तासानं सांगत होती.

पूर्वी मोटारी थेट माथ्यापर्यंत जात. आधी मोठ्या सहलीच्या बस बंद केल्या आणि २०१६ पासून खासगी मोटारीही. ज्यांना चालता येत नाही त्यांच्यासाठी तेवढी सोय ठेवली आहे. बाकी सगळे पायी. माथ्यावर पोचलात की आधी दम घ्या, कारण पुढचं दृश्य बघताना श्वास पुन्हा अडकणार आहे. समोर ज्वालामुखीचं मुख! पन्नास मीटर खोल, अगदी गोल, आतून हिरव्यागार गवतानं मढलेलं. एखाद्या राक्षसानं खीर खाऊन पुसून ठेवलेला वाडगा जणू. त्याचं नावही तसंच आहे, माताआहोचा वाडगा. माताआहो म्हणजे जमिनीच्या पोटातल्या गुपितांचा देव.

ती उतरण पाहून माझ्यातली शाळकरी मुलगी जागी झाली. वाटलं, बसावं आणि घसरगुंडी करत तळाशी जावं. मी एक पाय वाटेबाहेर टाकलाही.

"मावशी, नाही!" भाची जवळजवळ ओरडलीच. "तिथं जायचं नसतं. पवित्र आहे ते."

मी गुपचूप पाय मागे घेतला. आपण देवळाच्या गाभाऱ्यात बूट घालून जातो का? तेच इथं. शिवाय दुसरं कारणही आहे. हजारो पाय रोज पडले तर माती सुटते, गवत जातं, उतार ढासळतो. म्हणून माथ्यावर आता लाकडी फळ्यांची वाट केली आहे, जमिनीपासून थोडी वर. तुम्ही चालता फळीवर, टेकडीला तुमचा पाय लागत नाही.

त्या फळीवरून खालचे उतार बघा. पायऱ्या पायऱ्या दिसतील. या आपल्या सह्याद्रीसारख्या लाव्ह्याच्या थरांच्या पायऱ्या नव्हेत, माणसांनी खणलेल्या. युरोपातले लोक यायच्या कितीतरी आधी इथं माओरी लोकांची तटबंदीची गावं होती. गावाला 'पा' म्हणतात. सपाट पायऱ्यांवर घरं, भोवती लाकडी खांबांचा कोट. आणि मधूनमधून चौकोनी खळगे दिसतात, ती त्यांची कोठारं. कशाची, सांगा पाहू? रताळ्यांची! आपण उपासाला खातो तीच. माओरी भाषेत कूमारा. ज्वालामुखीची माती सुपीक, त्यामुळे पीक भरपूर यायचं. इतकी चांगली जमीन आणि दोन्हीकडे मासळीचा समुद्र, मग ही जागा सगळ्यांनाच हवीशी वाटणार. या प्रदेशाचं माओरी नाव तामाकी माकाउराउ. त्याचा अर्थच 'पुष्कळांना हवा असलेला तामाकी'.

मग 'ऑकलंड' आणि 'ईडन' कुठून आले? हे ऐकून तुम्हाला गंमत वाटेल. ही नावं आपल्याकडच्या एका लाटसाहेबाची आहेत. जॉर्ज ईडन, लॉर्ड ऑकलंड, हा १८३६ ते १८४२ हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल होता. तो न्यूझीलंडला कधी गेलाच नाही! इथल्या पहिल्या गव्हर्नरनं त्याच्या उपकाराची आठवण म्हणून शहराला त्याचं नाव दिलं, एवढंच. कोलकात्याचं ईडन गार्डन्स त्याच घराण्याच्या नावाचं. त्याचा पुतळासुद्धा कोलकात्यात होता, तो १९६९ साली या शहराला भेट मिळाला.

आणि माथ्यावरून पश्चिमेला बघा, ते मोठं स्टेडियम दिसतं ना? ते ईडन पार्क! २७ मार्च १९९४ या दिवशी याच मैदानावर सचिन तेंडुलकर एकदिवसीय सामन्यात पहिल्यांदा सलामीला आला आणि ४९ चेंडूंत ८२ धावा कुटल्या. मी उड्या मारायच्या बाकी राहिले होते. भाचीनं थंडपणे विचारलं, "पण तिथं रग्बी खेळतात ना?" काय बोलणार!

तिला दाखवायचं होतं ते वेगळंच. ईशान्येला समुद्रात एक बेट दिसतं, कुठूनही पाहा, सारखंच दिसणारं, पसरट टोपीसारखं. ते रांगीतोतो. हा या कुटुंबातला सगळ्यात धाकटा ज्वालामुखी. तो सुमारे सहाशे वर्षांपूर्वी समुद्रातून वर आला. तेव्हा आपल्याकडे बहमनी सुलतान राज्य करत होते. आणि तो वर येताना माणसांनी पाहिला! शेजारच्या मोतुतापू बेटावर राख पडली, त्या राखेच्या थरांत माणसांच्या पावलांचे ठसे सापडले आहेत. त्यांच्याबरोबर कुत्र्याच्या पंजांचेही. शेजारी आग ओकणारा डोंगर उभा राहतो आहे आणि ही माणसं आपलं कुत्रं घेऊन राखेतून चालली आहेत. मला ते चित्र डोळ्यांपुढून हलवता येईना.

"मग पुन्हा होईल का?" मी विचारलं.

होऊ शकतं. या टेकड्यांपैकी बहुतेक सगळ्या एकदाच फुटल्या आणि कायमच्या शांत झाल्या. पण खालचा साठा संपलेला नाही. पुढचा ज्वालामुखी नव्या जागी निघेल, आणि ती जागा कुणालाच आधी सांगता येत नाही. शास्त्रज्ञांची भूकंपमापक यंत्रं रात्रंदिवस कान लावून बसलेली असतात. भाचीच्या घरात दाराजवळ एक पिशवी कायम भरलेली असते, त्यात टॉर्च, पाणी, औषधं, बिस्किटं. ती म्हणते, "बिस्किटं मधूनमधून बदलावी लागतात." कोण बदलतं आणि जुनी कोण खातं, ते मी ओळखलं.

पुऱ्या खाताना तिनं दक्षिणेकडची एक टेकडी दाखवली. "त्या भागाचं नाव थ्री किंग्ज, तीन राजे."

"मला एकच दिसतो."

"एकच उरलाय."

"मग बाकीचे?"

तिनं खालच्या शहराकडे हात फिरवला. "रस्त्यात."

झालं असं की, ज्वालामुखीची टेकडी म्हणजे सुट्या, हलक्या, लालसर दगडांची रास. लाव्हा कारंज्यासारखा उडतो, त्यातला वायू निसटतो आणि दगडाला आंबोळीसारखी जाळी पडते. आतलं लोखंड गंजून तो लाल होतो. खणायला सोपा, पसरायला सोपा. शहर वाढत गेलं, रस्ते हवे होते, रुळांखाली खडी हवी होती. मग घाला कुदळ! एकेक टेकडी सपाट झाली. एका टेकडीच्या जागी तर आता क्रीडांगण आहे, माउंट स्मार्ट. नावात डोंगर आहे, पण तिथं डोंगर नाही. १९१५ साली खाणकामाला आळा घालणारा कायदा झाला, तरी पुढे कितीतरी वर्षं दगड निघतच राहिला. हे सगळं ऐकल्यावर त्या नेच्यांच्या बागेची मला पुन्हा आठवण झाली, आणि तिथं मी केलेल्या कौतुकाचीही.

मला घास गिळवेना. आमच्या गावामागे एक टेकडी आहे. लहानपणी आम्ही तिच्या माथ्यावर जाऊन करवंदं खायचो. नंतर एका बाजूनं खडीची खाण सुरू झाली. दुपारी सुरुंगाचा आवाज आला की आमच्या घरातल्या मांडणीवरची भांडी किणकिणायची. आम्ही मुलं आकडे मोजायचो, आज तीन, आज पाच. मजा वाटायची! त्या खडीचा गावाला छान रस्ता झाला, त्याच रस्त्यानं मी कॉलेजला गेले. तेव्हा खाणीचा राग मला कसा यावा? पण आता मागची बाजू दिसते ती चावलेल्या सफरचंदासारखी.

उरलेल्या टेकड्यांचं ऑकलंडनं काय केलं, तेही ऐका. २०१४ साली कायदा करून यातल्या १४ टेकड्या तिथल्या १३ माओरी जमातींना परत दिल्या. त्या जमाती आणि महापालिका मिळून आता त्यांची देखभाल करतात. टेकड्यांना ते 'पूर्वज' म्हणतात. म्हणजे नुसती जागा नाही, आजोबा. आजोबांच्या अंगावर गाडी कशी घालायची? कुंपण मात्र घातलेलं नाही, कुणीही यावं.

उतरलो. पायाला फोड आला होता. तासाभरानं कॉर्नवॉल बाग आली आणि मी फोड विसरले. बाग कसली, भर शहरात चक्क शेत! मेंढ्या चरत होत्या, आणि सप्टेंबर म्हणजे तिकडचा वसंत, त्यामुळे कोकरंच कोकरं. चारी पायांवर एकदम उड्या मारत होती. जॉन लोगन कॅम्बेल नावाच्या व्यापाऱ्यानं ही जमीन १९०१ साली लोकांना देऊन टाकली. त्याची समाधी वर माथ्यावर आहे, शेजारी उंच दगडी स्तंभ.

हा माथा माउंगाकिएकिए, १८२ मीटर. इंग्रजी नाव वन ट्री हिल, एका झाडाची टेकडी. गंमत अशी, की कितीतरी वर्षं इथं ते झाड नव्हतं! जुनं, माओरींना पवित्र असलेलं झाड १८५२ साली गोऱ्या वसाहतवाल्यांनी तोडलं. पुढे परदेशी पाइन लावले, त्यातला एक जगला आणि शहराची खूण बनला. १९९४ साली सरकारवरचा राग दाखवायला एका माओरी माणसानं त्यावर यांत्रिक करवत चालवली. झाड तारांनी बांधून जगवायचा प्रयत्न झाला, पुन्हा घाव बसले, अखेर २००० साली ते उतरवावं लागलं. त्यानं केलं ते बरोबर की चूक, यावर भाचीच्या वर्गात वाद झाला होता म्हणे. तिचं मत अजून ठरलेलं नाही. माझंही नाही. २०१६ साली तिथं तोतारा आणि पोहुतुकावा या इथल्याच झाडांची रोपं लावली, वाऱ्यापासून जपायला भोवती कुंपण करून. कुठलंही जगो, ते इथलं असेल.

वाटेत मला एक लाल, जाळीदार दगड दिसला. लिंबाएवढा, हातात घेतला तर पिसासारखा हलका. आठवण म्हणून खिशात टाकला. भाची काही बोलली नाही, नुसती बघत राहिली. दहा पावलं गेल्यावर मी मागे फिरले आणि तो होता तिथं ठेवून आले.

शेवटचा उतार ओनेहुंगाचा. मानुकाउच्या किनाऱ्यावर पोचलो तेव्हा ओहोटी होती. समुद्र लांब गेलेला, मधे चकचकीत चिखल आणि त्यात चोच खुपसणारे पक्षी. मी बूट काढले आणि दोन्ही पाय त्या गार चिखलात घातले. स्वर्ग! सकाळी पॅसिफिक, संध्याकाळी टास्मन, आणि मधे सोळा किलोमीटर. परतताना आगगाडीनं तेच अंतर बघता बघता संपलं.

गाडीत भाची म्हणाली, "मावशी, आता तुझी टेकडी मला दाखव. करवंदांची." येत्या मे महिन्यात ती येणार आहे. कुठल्या वाटेनं तिला न्यावं, हे माझं अजून ठरत नाही. मागच्या बाजूनं चढलं तर करवंदीच्या जाळ्या लागतात, पण वाट जवळजवळ मोडली आहे. रस्त्यानं गेलं तर आधी खाणच लागते.